लुगडं नेसेपर्यंत

शांतवन मास्तरांचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या कादंबऱ्यांच्या पाठींना खळ लावत बसलो होतो. १९७९ सालचा मार्च. पोस्टमनने निळं आंतर्देशीय पत्र खिडकीतून आत टाकलं ते नेमकं खळीच्या वाटीच्या काठावर पडलं. मी ते पुसलं, हात धुतले आणि उभ्यानेच वाचलं.

"प्रिय तोडकर, सप्रेम सलाम. इकडे सर्व ठीक आहे. दवाखान्याचं काम पुष्कळ. सलोमी पाचवीत आहे. गिटार भिंतीवर आहे, काढत नाही. कारखान्यावर तू त्या दिवशी जे वाजवलंस त्याची सुरुवात कधी कधी मनात येते आणि पुढचं आठवत नाही. ते नोटेशन करून पाठवशील का? तुला लिहायची सवय आहे म्हणून विचारतो. मला वाचता येणार नाही, पण सलोमीच्या शाळेतल्या संगीताच्या बाई वाचून दाखवतील. घाई नाही. तुझा, शांतवन रणभिसे."

पत्रांना उत्तर न देणारा मी माणूस नव्हे. प्रकाशकांच्या छापील परिपत्रकांनासुद्धा पोच लिहिणारा म्हणून वाचनालयातले लोक मला हसत. या पत्राला मात्र मी उत्तर दिलं नाही. ते घडी करून खिशात घातलं, खिशातून कपाटात गेलं, आणि कपाटं तीनदा बदलली तरी ते बरोबर येत राहिलं.

ज्याबद्दल मास्तरांनी विचारलं होतं, ते अडीच वर्षांपूर्वीचं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. दिवसा मिरजेच्या एका वाचनालयात मदतनीस आणि सुटीच्या दिवशी अण्णा साळोख्यांच्या ऑर्केस्ट्रात दुसरा गिटारवाला. गिटार मी पुस्तकातून शिकलो होतो. वाचनालयात कुणा साहेबाने जाताना दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात बोटं कुठे ठेवायची याच्या आकृत्या होत्या. ते पुस्तक माझ्याशिवाय कुणी कधी नेलं नाही. मागच्या कार्डावर माझंच नाव अकरा वेळा होतं.

ऑर्केस्ट्रात मला मान होता तो एकाच गोष्टीसाठी. गाण्याच्या दोन कडव्यांमधलं जे संगीत असतं, ज्याला आमच्यात 'पीस' म्हणत, ते मी रेकॉर्डवरून उतरवून काढी. एकदा ऐकलं की बहुतेक ध्यानात राही, दोनदा ऐकलं की सारेगममध्ये वहीत उतरे. अण्णांचा दंडकच होता, रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे. एक सूर इकडेतिकडे झाला तर मागच्या रांगेतला पानवालासुद्धा ओरडायचा. त्यामुळे आख्खा ऑर्केस्ट्रा माझ्या वह्यांवर चाले, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

रेकॉर्डसारखी नसलेली कार्यक्रमात एकच जागा होती. मध्यंतराआधी बंडा मगदूम नकला करायचा. पहिल्या नकला धोतरावर, तलाठी आणि गावचा पुढारी. मग तो ताडपत्रीच्या मागे जाई आणि नऊवारी लुगडं नेसून सासूबाई होऊन येई. त्याला लुगडं नेसायला कधी दोन मिनिटं लागत, कधी पाच. निऱ्या नीट पडल्या तर लवकर, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ लीड गिटारने एकट्याने भरून काढायचा. लोक तेव्हा चहाला उठत, बिड्या पेटवत, पोरांना मुतायला नेत. कुणीही ऐकत नसे. त्या वाजवण्याला आम्ही सगळे 'लुगडं' म्हणायचो. "मास्तर, लुगडं घ्या," असं अण्णा विंगेतून म्हणाले की शांतवन मास्तर खुर्ची पुढे ओढत.

शांतवन रणभिसे मिरजेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तेव्हा अडतिशीचे असतील. बुटके, रुंद पंजाचे, बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून चिकटवून अंगठ्याचं टोक चपटं झालेलं. गिटार ते लहानपणी चर्चमध्ये कुणाचं बघून शिकले होते. त्यांना नोटेशन येत नव्हतं. अण्णांच्या पीसेससाठी मी त्यांना वाजवून दाखवायचो आणि ते मागून वाजवायचे. पण लुगडं वाजवताना ते माझ्याकडे बघत नसत. दर वेळी वेगळं वाजवायचे. मी मागे कॉर्ड धरून बसलेला असे, आणि चहाला चाललेल्या लोकांच्या पाठी बघून मला उगाच लाज वाटे. त्यांची नाही, माझी. मला तसं कधीच येणार नाही हे मला माहीत होतं.

एकदा धीर करून विचारलं. "मास्तर, हे तुम्ही घरी बसवून येता का?"

"काय बसवून?"

"लुगडं."

ते हसले. "बंडाच्या निऱ्या मला घरी कशा कळणार? रविवारी ये. चर्च सुटल्यावर."

म्हणून मी रविवारी जाऊ लागलो. तीन खोल्यांचं घर, पुढे फरशीची ओसरी. एस्तेरवहिनी काहीतरी निवडत बसलेल्या, सात वर्षांची लेक सलोमी पाटीवर उजळणी करत. पहिल्याच दिवशी मी वही काढली.

"मीट ती," मास्तर म्हणाले. "कशानं आलास?"

"सायकलनं."

"वाटेत काय झालं?"

"काही नाही."

"म्हैस नाही, कुत्रं नाही, कुणी भेटलं नाही?"

"रेल्वेच्या फाटकात थांबावं लागलं. मालगाडी होती."

"थांबलास किती वेळ?"

"असेल पाच मिनिटं."

"मग ते सांग मला. एकाच तारेवर. दुसऱ्या तारेला हात लावायचा नाही."

मी पाच मिनिटं तारेकडे बघत बसलो. मग खालून वर गेलो आणि वरून खाली आलो.

"हे टाइमटेबल झालं," मास्तर म्हणाले.

सलोमी पाटीआड हसली. वहिनींनी तिला डोळ्यांनी दटावलं. मास्तरांनी माझ्या हातातून गिटार घेतलं आणि त्याच तारेवर वाजवलं. त्यात गाडीचा आवाज काही नव्हता. नुसता एक माणूस फाटकाशी उभा होता, त्याला कुठेतरी पोचायचं होतं आणि गाडी संपत नव्हती. मी कान देऊन ऐकलं आणि घरी जाताना फाटकापाशी उतरून, सायकल भिंतीला टेकवून, ते सगळं वहीत लिहून काढलं. वर तारीख घातली.

ती सवयच झाली. दर रविवारी मास्तर माझ्याकडून काहीतरी वाजवून घ्यायचा प्रयत्न करत, मला येत नसे, मग ते स्वतः वाजवत, आणि मी घरी जाऊन ते उतरवत असे. त्यांना सांगितलं नाही. वही त्यांना आवडत नव्हती. मी स्वतःशी म्हणायचो, हा अभ्यास आहे. नमुने पुष्कळ गोळा झाले की आपोआप कळेल. माझा पुस्तकांवर असा विश्वास होता की एखादी गोष्ट लिहून ठेवली म्हणजे ती निम्मी आली.

सप्टेंबरात मास्तरांनी मला लुगड्याला बसवलं. माधवनगरला एका लग्नाच्या दुपारी. बंडा ताडपत्रीमागे गेला, मास्तरांनी आपली खुर्ची मागे घेतली आणि माझी पुढे ढकलली. मी सुरू केलं. चार सूर झाले, आठ झाले, आणि मग मला पुढचा सूर कुठला घ्यावा हा प्रश्न पडला. एकदा पडल्यावर तो सुटेना. कुठलाही घेतला असता तरी चाललं असतं, हेच तर कठीण होतं. माझा हात थांबला.

आता बंडाची आणि मास्तरांची खूण अशी ठरलेली होती की बंडा ताडपत्री हलवणार, मग मास्तर थांबणार, आणि गिटार थांबलं की बंडा बाहेर येणार. गिटार थांबलं. बंडा बाहेर आला. अर्धं लुगडं कमरेला, अर्धं हातात, खाली धोतर तसंच.

मांडवात असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. नवरीसुद्धा हसली. बंडाने कसंबसं निभावून नेलं, सासूबाईंना सुनेने घाईत उठवलं असं काहीतरी बोलला. आत आल्यावर मात्र तो माझ्यासमोर निऱ्यांचा गोळा घेऊन उभा राहिला.

"तोडकर, तुजी गिटार गप झाली की म्या भाईर. ठरलंय न्हवं आपलं? का आता म्या आत बसून इचारू, बाबा, खरंच गप झालायस का इचार करायलायस?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं न्हाई, नागडं केलंस."

अण्णा रागावले नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तू पीस वाजव. पीस तुझ्यासारखा या तीन जिल्ह्यांत कुणी वाजवत नाही. लुगडं तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मास्तर, कळलं ना? तुम्ही नगरला जायचं म्हणताय, पण मला दिलेला शब्द मोडून नाही."

तेव्हा मला कळलं की मास्तर मला का शिकवत होते. नगरकडच्या एका दवाखान्यात त्यांना पक्की नोकरी मिळत होती. राहायला क्वार्टर, सलोमीला चांगली शाळा. होकार नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत कळवायचा होता. पण बारा वर्षांपूर्वी, मास्तरांना कुणी विचारत नव्हतं तेव्हा, अण्णांनी त्यांना लीडच्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि मास्तरांनी शब्द दिला होता की जाईन तर खुर्चीत माणूस बसवून जाईन.

"तोडकर बसेल," मास्तर म्हणाले. "साखर कारखान्यावर हंगामाच्या मोळीच्या कार्यक्रमाला लुगडं तो वाजवील. मी समोर बसणार."

"आणि पुन्हा बंडा उघडा पडला तर?"

"तर मी नगरला कळवतो, येत नाही म्हणून."

मला वाटलं ते गमतीने बोलले. पुढच्या रविवारी मी निघालो तेव्हा एस्तेरवहिनी घराच्या फाटकापर्यंत आल्या. त्या एरवी माझ्याशी फार बोलत नसत.

"तोडकर भाऊ, यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शब्द दिला म्हणजे दिला. मी काही म्हणत नाही. पण तेवढं नीट वाजवा."

"वहिनी, मला येत नाही ते."

"तुम्हाला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत."

पुढचे सहा आठवडे मी जेवलो कमी आणि चाललो जास्त. वाचनालयात दोन पुस्तकांची कार्डं अदलाबदल झाली, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सकाळी एका तारेवर बसायचो. सूर यायचे, चार यायचे, आठ यायचे, मग तोच प्रश्न. कधी वाटायचं आलं, आणि नीट ऐकलं तर ते कुठल्यातरी रेकॉर्डमधलं असायचं. माझ्या डोक्यात जेवढं होतं तेवढं सगळं कुणाचं ना कुणाचं होतं. मास्तर म्हणायचे, "चुकू दे. चुकलं की तिथनंच पुढे जा." मी चुकलो की पहिल्यापासून सुरू करायचो.

कार्यक्रम नोव्हेंबरच्या मध्याला होता, दुपारी चार वाजता. गव्हाणीत उसाची मोळी टाकून झाली होती, पाहुण्यांची भाषणं आटपली होती, पहिली पाळी सुटून कामगार मैदानात येऊन बसले होते. उसाच्या गाड्या लांबपर्यंत उभ्या आणि बैल सोडलेले. मास्तर पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, शेजारी एस्तेरवहिनी आणि सलोमी. त्यांना मी त्याआधी कधी ऑर्केस्ट्रा समोरून बघताना पाहिलं नव्हतं.

बंडाचा पुढारी झाला. ताडपत्रीमागे जाता जाता तो माझ्या कानाशी वाकला. "सावकाश. आज म्या पिना लावून ठिवल्यात. तरी बी गप नगं होऊस."

अण्णा विंगेतून म्हणाले, "घ्या लुगडं."

मी खुर्ची ओढली. पहिले दोन सूर माझे स्वतःचे होते, एवढं मी आजही शपथेवर सांगेन. तिसऱ्याला तो प्रश्न पडला. मी समोर बघितलं, तर मास्तरांचे डोळे मिटलेले आणि वहिनींचे टक्क उघडे. आणि मग बोटं चालायला लागली.

गंधारावरून ते निघालं, हळूहळू वर चढलं, निषादापर्यंत गेलं. तिथून वरचा षड्ज अगदी हाताशी असतो. ऐकणाऱ्याला तो ऐकू यायलाच लागतो. पण ते तिथे गेलं नाही. मागे वळलं आणि गंधारावर येऊन बसलं, घराबाहेर पडलेला माणूस काहीतरी विसरलं म्हणून परत येतो तसं. पुन्हा निघालं, पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा ते वेगळ्याच वाटेने, खालून, मंद्र सुरांतून फिरून गेलं आणि षड्जावर असं पोचलं की तो जणू तिथे नव्हताच, आत्ताच कुणीतरी आणून ठेवला. चहाला उठलेले दोघे-चौघे परत बसले. किंवा मला तसं वाटलं. ताडपत्री हलली तरी मी थांबलो नाही, अजून थोडं राहिलं होतं. ते पुरं केलं आणि मगच थांबलो. बंडा पदर सावरत, सगळ्या निऱ्या जागच्या जागी, बाहेर आला.

मध्यंतरात मास्तर मागे आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे तळवे ओले होते.

"कुठनं आलं हे?"

मी लांब उभ्या वहिनींकडे बघितलं.

"सुचलं," मी म्हणालो.

"सुचलं," ते म्हणाले. "बघा, सुचलं म्हणतो. सा हाताशी आलेला असताना सोडून परत यायचं, हे काय मी शिकवलं तुला? हे मला येत नाही, तोडकर. वीस वर्षं मी असल्या काहीतरी मागे आहे. चहाला जाणाऱ्यांच्या पाठीकडे बघून वाजवत राहिलो ते याच्यासाठीच, की एखाद्या दिवशी असं सापडेल." मग त्यांनी अण्णांना हाक मारली. "अण्णा, खुर्ची भरली."

अण्णांनी मान डोलावली. वहिनी लांबूनच हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

ते मला सुचलेलं नव्हतं. ते त्यांचंच होतं. १८ जुलैच्या रविवारी वहिनी शेंगा फोडत होत्या, मी सव्वातास एका तारेशी झटून हरलो होतो, आणि मास्तरांनी कंटाळून गिटार मांडीवर घेऊन, सलोमीला सतराचा पाढा म्हणायला लावत लावत, ते वाजवलं होतं. वाजवून झाल्यावर ते म्हणाले होते, "चहा टाक गं." माझ्या वहीत ते तेविसावं.

मी त्यांना लगेच सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, नगरचं पत्र जाऊ दे. ते गेलं तेव्हा वाटलं, सामान बांधून होऊ दे. स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी गाडीच्या दारातून सांगितलं, "बंडाला फार वाट बघायला लावू नकोस." आणि गाडी हलली.

पुढे दोन वर्षं मी लीडच्या खुर्चीवर बसलो. वहीत एकेचाळीस होती, तीच आळीपाळीने वाजवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. लुगडं कुणी ऐकतच नव्हतं.

मग ते पत्र आलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना कळलंय. कधीतरी त्यांना तो रविवार आठवला असेल आणि आता ते मला सांगायची संधी देताहेत. तसं असेल तर नुसतं नोटेशन पाठवणं म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोलणं. दुसऱ्या दिवशी वाटलं, छे, एवढा सरळ माणूस असं आडून विचारणार नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, पण स्वतःचं वाजवलेलं स्वतःला ओळखू येत नाही असं कसं होईल? मला माझं अक्षर दहा वर्षांनी ओळखू येतं. त्यांना कारखान्यावरच कळलं असणार, आणि नोकरीसाठी, वहिनींसाठी ते गप्प बसले असणार. हा विचार मला बरा वाटला. त्यात खोटेपणा दोघांत वाटला जात होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कवठ्याच्या एका शाळेत कार्यक्रम होता. पत्र आल्यापासून वहीतलं काही वाजवायला हात धजत नव्हता. बंडा ताडपत्रीमागे गेला, अण्णा म्हणाले "घ्या", आणि मी वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. चुकलो, तिथून पुढे गेलो. पुन्हा चुकलो. एकाच सुरावर बराच वेळ रेंगाळलो असेन. ताडपत्री हलली, मी थांबलो, बंडा बाहेर आला. फार काही चांगलं नसावं. अण्णांनी नंतर घड्याळाकडे बघितलं एवढंच.

घरी येऊन मी वही उघडली. रेकॉर्ड एकदा ऐकून उतरवणारा मी, मला त्यातला एक सूरही आठवेना. सकाळी पुन्हा बसलो, तरी नाही. आणि तेव्हा, पेन हातात धरून, मला कळलं की मास्तरांनी ओळखलं नव्हतं. ओळखणं शक्यच नव्हतं. "चहा टाक गं" म्हणाले तेव्हाच ते त्यांच्याकडून गेलं होतं. जगात ते फक्त माझ्या वहीत होतं, आणि मी ते माझं म्हणून त्यांना ऐकवलं होतं.

एवढं कळल्यावर तरी उत्तर लिहायला हवं होतं. उलट झालं. आधी निदान एक आडोसा होता. आता पत्र म्हणजे कबुली, दुसरं काही नाही. मी चाळीसेक मसुदे केले असतील. काहींत मी फार रडलो होतो, काहींत फार शहाणा झालो होतो. सगळे फाडले. पुढे गावोगावचे ऑर्केस्ट्रे बंद पडत गेले, अण्णा गेले, बंडा गेला. मी वाचनालयातून निवृत्त झालो. पत्रात "घाई नाही" असं होतं, त्याचा मी असा उपयोग केला.

गेल्या महिन्यात दुपारी फोन वाजला.

"तोडकर काका का? वाचनालयातून नंबर घेतला. मी सलोमी. रणभिसे मास्तरांची."

एस्तेरवहिनी जाऊन नऊ वर्षं झाल्याचं तिने सांगितलं. मास्तर पंच्याऐंशीचे, तिच्याकडेच असतात. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, चहा अजून दिवसातून सहा वेळा लागतो.

"काका, घर लहान आहे हो. पप्पांचं गिटार चर्चमधल्या मुलांना देऊन टाकावं म्हणतेय. पप्पा म्हणाले, आधी तोडकरला विचार, त्याला हवं असेल तर त्याचं."

"ते वाजवत नाहीत?"

"नगरला आल्यापासून नाही. मी त्यांना वाजवताना पाहिलंय ते मिरजेतच. आई विचारायची, तर म्हणायचे, जे मला शोधायचं होतं ते तोडकरला सापडलं, मी ऐकलं, झालं. मी कॉलेजात असताना यावरून भांडले होते त्यांच्याशी. दुसऱ्याला सापडलं म्हणून आपण थांबायचं, हे काय आहे? तर म्हणाले, तुला नाही कळायचं, मी समाधानानं थांबलोय. तुम्ही असं वाजवलं तरी काय होतं, काका?"

"गिटार देऊ नकोस," मी म्हणालो. "कुणालाच देऊ नकोस. आठ दिवस थांब."

"तुम्ही न्यायला येता?"

"नाही. पत्र पाठवतो."

त्यातले सहा दिवस मी खोलीत येरझारा घातल्या. माणूस समाधानाने थांबला आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी त्याला सांगायचं की तुझा एक शिष्य होता तो नव्हताच. ज्याच्यापायी तू भिंतीवर गिटार टांगलंस ते खोटं होतं. हे त्याच्या भल्यासाठी की माझी छाती हलकी व्हावी म्हणून? मला अजूनही ठरवता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला हेही होतं, की त्यांना ते सापडलं होतं. वीस वर्षं ज्याच्या मागे होते ते त्यांना जुलैतल्या एका रविवारी, पाढा म्हणून घेताना सापडलं होतं, आणि ते त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी सोडून कुणाला माहीतच नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी बसलो आणि एकदाच लिहिलं.

"मास्तर, तुम्ही मागितलेलं नोटेशन सोबत आहे. उशीर झाला. हे मला सुचलेलं नाही. १८ जुलै १९७६ ला तुमच्या ओसरीवर तुम्ही हे वाजवलंत. वहिनी शेंगा फोडत होत्या, सलोमी सतराच्या पाढ्यात सतरा सत्तेपाशी अडत होती. मी घरी जाऊन लिहून ठेवलं आणि कारखान्यावर तेच वाजवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा सुचलं असं म्हणालो. तुमची अशी आणखी चाळीस माझ्याकडे आहेत, पाठोपाठ पाठवतो. सा हाताशी आलेला सोडून परत येणं तुमचंच आहे, ते तुम्हाला येतं. सलोमीने सूर वाचून दाखवावेत आणि गिटार खाली काढावं. मला लुगडं एकदाच वाजवता आलं, कवठ्याच्या शाळेत, तुमचं पत्र आल्यानंतर. ते आठवत नाही. विश्वंभर तोडकर."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो. पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला. त्यांचं समाधान मी कोण काढून घेणारा, हे मला त्या घटकेला अगदी स्पष्ट दिसलं. मी फटीत बोटं घालून बघितली. बोटं पोचली नाहीत.

मी तिथेच उभा राहिलो. पाऊण तासाने पोस्टमन सायकलवरून आला, खाली बसून त्याने कुलूप काढलं. आत तीन-चारच पत्रं होती. माझं पाकीट वरच होतं. मागितलं असतं तर कदाचित दिलंही असतं, म्हातारा माणूस म्हणून. त्याने ते पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"आजोबा, काही टाकायचं राहिलंय का?"

"राहिलं होतं," मी म्हणालो. "टाकलं."

त्याने पेटीला कुलूप लावलं आणि पिशवी सायकलला अडकवून तो निघाला.